उन्हाळी पाणी सुरू करण्याआधी मोटरीचे व्होल्ट-अँपिअर मोजून ठेवा

फेब्रुवारी सरता सरता खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या विहिरी उतरू लागतात आणि चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीकडे खोडव्याच्या पाण्याची घाई सुरू होते. थ्री फेज आला रे आला की एका टीसीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम चालू, व्होल्टेज खाली, आणि मार्च-एप्रिलात रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लावायची पाळी. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, त्यामुळे वाया जाणाऱ्या करंटकडे कुणी बघत नाही. बिलात ती दिसत नाही हे खरं, पण मोटर तापते आणि पाइपाची धार बारीक होते.

म्हणून वायरमनला बोलावून टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखं धरून अँपिअर मोजायचं मीटर) लावून एकदा आकडे घ्या. आधी व्होल्ट मोटर बंद असताना, मग चालू असताना. नंतर तिन्ही वायरींचे अँपिअर वेगवेगळे. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी आणि मग पूर्ण व्होल्टेजवर चालवणारा) असेल तर स्टार्टरमध्ये येणाऱ्या तीन वायरींवर मोजा. मोटरीकडे जाणाऱ्या सहा वायरींवर आकडा कमीच दिसतो आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो.

५ एचपीच्या मोटरीला ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला ८ अँपिअरच्या आसपास लागतात. तीन फेजचा हिशेब असा: व्होल्ट × अँपिअर × १.७३ × पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खरी वीज किती, तो वाटा). पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४१५ × ८ × १.७३ × ०.८, म्हणजे सुमारे ४,६०० वॅट. एक एचपी ७४६ वॅटचा, म्हणजे ५ एचपीचं काम ३,७३० वॅटचं. वरचे आठ-नऊशे वॅट मोटरीतच उष्णता होऊन जातात.

आता तेच व्होल्टेज ३४० वर आलं. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं आहे, म्हणून मोटर ९.८ अँपिअर ओढते. वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. करंट सव्वापटीच्या आतच वाढला, पण उष्णता दीडपट झाली. मोटर जळते ती इथे. ३५० च्या खाली व्होल्ट असतील तर स्टार्टरला हात लावू नका, आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) वारंवार पडतो म्हणून त्याची सेटिंग वर चढवून ठेवू नका. ती नेमप्लेटवरच्या अँपिअरइतकीच असावी; स्टार-डेल्टात रिले मोटरीकडे जाणाऱ्या वायरींवर असेल तर त्याच्या ०.५८ पट.

अँपिअर कमी दिसले तरी हुरळून जायचं कारण नाही. नेहमी ८ दाखवणारी सबमर्सिबल ५ वर आली असेल तर बोअरमधलं पाणी खाली गेलं आहे आणि पंप कोरडा पडायच्या बेतात आहे. तासभर बंद ठेवून पाणी भरू द्या.

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, हा ओहमचा नियम हीटरच्या कॉइलला सरळ लागू पडतो. २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर घेणाऱ्या हीटरचा रोध सुमारे ५३ ओहम. चालत्या मोटरीला मात्र असा भागाकार लावू नका. ४१५ ला ८ ने भागून ५२ येतात खरे, पण मेन स्विच बंद करून, वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तर वाइंडिंग मोजकेच ओहम दाखवतं. फिरती मोटर स्वतःच उलटा दाब (उलट दिशेचं व्होल्टेज) तयार करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. गाळाने पंप जाम झाला की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि करंट पाच-सहा पट उसळतो.

ओहमचा नियम खरा उपयोगी पडतो तो केबलला. स्टार्टरपासून बोअरमधल्या मोटरीपर्यंत ३०० मीटर केबल आहे असं धरा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर एका वायरीचा रोध सुमारे २.०६ ओहम. ८ अँपिअरला दर वायरीत १६.५ व्होल्ट जातात, फेज-फेजमध्ये २९ व्होल्टची घट. तिन्ही वायरींत मिळून ४०० वॅट, म्हणजे अर्ध्या एचपीहून जास्त, नुसती केबल तापवण्यात. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट १२ व्होल्टवर आणि नुकसान १६५ वॅटवर येतं. स्टार्टरवर ३७० दिसत असताना मोटरीला ३४० च मिळतात, ते या बारीक केबलमुळे. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, हे दुकानात स्वस्त केबल हातात घेताना लक्षात असू द्या. जोड सैल असेल तर तिथला रोध वेगळाच. जोडावरची टेप वितळलेली दिसली की समजा.

तीन वायरींत ७, ८ आणि १० असे अँपिअर आले तर दोष लाइनचा की मोटरीचा? मेन स्विच बंद करून वायरमनकडून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवून घ्या. तिन्ही सरकवल्या की मोटर उलटी फिरत नाही. दोनच बदलल्या तर फिरते. पुन्हा मोजा. जास्तीचा आकडा त्याच फेजवर राहिला तर लाइनमनला सांगा. मोटरीच्या वायरीबरोबर सरकला तर केबल किंवा वाइंडिंग तपासा.

ऑटो स्टार्टर असेल तर शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने टायमर दोन-तीन मिनिटं मागेपुढे लावा. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर बसवला की टीसीपासून स्टार्टरपर्यंतच्या लाइनवरचा करंट कमी होतो. स्टार्टरपुढच्या केबलला मात्र त्याचा फायदा नाही. अर्थिंगचा खड्डा या दिवसांत कोरडा पडतो, त्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओता.

रिवाइंडिंग करून आणलेली मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी वायरींच्या तिन्ही जोड्यांचा रोध दुकानातच मोजून घ्या. तीनही आकडे सारखे हवेत. मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) बॉडीशी एक मेगाओहमपेक्षा कमी दाखवत असेल तर मोटर परत द्या, कारण एकदा पाइप खाली गेले की ते वर काढायची मजुरी आपल्याच खिशातून जाते.