पीफोर्थ सोर्सपासून कसे बांधावे

फोर्थ ही चार्ल्स मूर यांनी १९७० च्या सुमारास आकाराला आणलेली प्रोग्रॅमिंग भाषा. नाव ‘चौथी’ या अर्थाचेच, पण आयबीएम ११३० या संगणकावर फाइलच्या नावाला पाचच अक्षरे मिळत, म्हणून स्पेलिंगमधला ‘यू’ गळाला. शिकायची असेल तर फिल बर्क यांचे पीफोर्थ (फोर्थ चालवणारा प्रोग्रॅम) सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, स्वतः बांधून पाहा. ते सी भाषेत आहे आणि आटोपशीर आहे. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी आकडे.)

उबुंटूवर आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट’. मग गिटहबवरून पीफोर्थ क्लोन करा (म्हणजे कोडची प्रत उतरवून घ्या), ‘प्लॅटफॉर्म्स’मधल्या ‘युनिक्स’ फोल्डरमध्ये जा आणि नुसते ‘मेक’ म्हणा.

आता चहाला उठू नका, स्क्रीनकडे बघा. आधी सी कंपायलर (सी कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा) फोर्थचा गाभा तयार करतो. हा गाभा ‘सिस्टम डॉट एफटीएच’ वाचू लागतो आणि उरलेली भाषा फोर्थमध्येच स्वतःवर चढवतो. तयार झालेला शब्दसंग्रह (फोर्थमध्ये आज्ञेला ‘शब्द’ म्हणतात) ‘पीफोर्थ डॉट डिक’ या फाइलीत उतरतो. शेवटी त्याच शब्दसंग्रहाची सी हेडर फाइल होते आणि ती पोटात घेऊन ‘पीफोर्थ_स्टँडअलोन’ बनते.

म्हणून दुसरीकडे न्यायची ती हीच प्रत. मी एकदा साधी ‘पीफोर्थ’ तेवढी उचलून नेली, डिक फाइल मागेच राहिली आणि ती काही सुरू होईना.

चालवायला ‘./पीफोर्थ_स्टँडअलोन’. मग:

३ ४ + .

उत्तर ७. आधी आकडे, क्रिया शेवटी; क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये. शेवटचा टिंब छापण्यासाठी आहे. तो गाळलात तर ७ स्टॅकवरच, म्हणजे फोर्थ आकडे एकावर एक ठेवते त्या चळतीवरच, राहतो आणि ‘ओके’खाली ‘स्टॅक<१०> ७’ असे दिसते. तो १० म्हणजे स्टॅकवरच्या आकड्यांची संख्या नव्हे, दशमान पद्धतीची खूण आहे. मीही आधी फसलो होतो.

आता स्वतःचा शब्द:

: चौरस डुप * ;

‘डुप’ वरच्या आकड्याची जोडी करतो, ‘*’ त्यांचा गुणाकार. ‘५ चौरस .’ दिल्यास २५. कोलननंतरची मोकळी जागा मात्र विसरू नका. ती नसेल तर कोलन आणि नाव मिळून एकच अनोळखी शब्द होतो.

बाहेर पडायला ‘बाय’.