एकच टॅरो कार्ड वाचताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एखाद्या परीक्षार्थीने पूर्वपरीक्षेनंतर टॅरोच्या, म्हणजे अर्थ लावण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांच्या, संचातून स्वतःसाठी एकच कार्ड काढावे, ते नेमके 'जजमेंट' निघावे आणि 'म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागणार' असे म्हणून त्याने निश्चिंत व्हावे, हे अगदी सहज घडण्यासारखे आहे. चूक इथेच होते, कारण त्याने कार्डाच्या नावाचे मराठीत भाषांतर केले आणि मग त्या भाषांतराचा अर्थ लावला. चित्राकडे त्याने पाहिलेच नाही. त्या चित्रात न्यायालय नाही आणि गुणपत्रिकाही नाही. वर एक देवदूत तुतारी फुंकतो आहे आणि खाली शवपेट्यांतून माणसे हात पसरून उठत आहेत. ख्रिस्ती श्रद्धेतला हा अंतिम न्यायाचा दिवस आहे. म्हणून या कार्डाचा रोख जुन्या गोष्टींचा हिशेब, आतून आलेली हाक आणि नव्याने उभे राहणे यांच्याकडे असतो. तराजू आणि तलवार हाती घेतलेले कार्ड वेगळे, ते 'जस्टिस'.

नावाच्या भाषांतराची ही खोड मराठी वाचकाला आणखी दोन ठिकाणी हमखास अडवते. 'स्ट्रेंग्थ' हे कार्ड हाती आले की चतुःशृंगीच्या नवरात्रात वाढलेल्या डोळ्यांना स्त्री आणि सिंह एकत्र दिसताच सिंहवाहिनी आठवते, आणि शत्रूचा नाश, विजय, पराक्रम असे अर्थ आपोआप सुचू लागतात. प्रत्यक्षात कार्डावरची स्त्री सिंहावर आरूढ झालेली नाही, तिच्या हाती शस्त्र नाही, आणि ती वाकून अतिशय हळुवारपणे सिंहाचा जबडा मिटते आहे. तिथे सांगितलेले बळ धीराचे आणि स्वतःवरच्या ताब्याचे आहे. 'द हँग्ड मॅन'चे तर काही जण सरळ 'फाशी' करून टाकतात. तो माणूस गळ्याने नव्हे तर एका पायाने टांगलेला आहे, त्याचा चेहरा शांत आहे आणि डोक्याभोवती प्रभावळ आहे. जुन्या इटलीत या पत्त्याला 'गद्दार' असे नाव होते, कारण गद्दारांची अशी उलटी टांगलेली चित्रे त्यांची बेअब्रू करण्यासाठी तिथे रंगवली जात. पुढे मात्र या कार्डाला थांबणे, काही सोडून देणे आणि जग उलट्या बाजूने पाहणे हा अर्थ आला. 'डेथ'बद्दल इतके लिहिले गेले आहे की मी त्यावर थांबत नाही. घोड्यावरच्या सांगाड्यामागे, दोन मनोऱ्यांच्या मधे, सूर्य दिसतो आहे तेवढा पाहावा.

दुसरी चूक पुस्तकाची आहे. डेक (पत्त्यांचा संच) एक आणि अर्थाचे पुस्तक भलत्याच डेकचे, असे झाले की अर्थ जुळत नाहीत आणि वाचकाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. सध्या बहुतेकांच्या हाती असतो तो राइडर-वेट डेक १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. ७८ कार्डांपैकी मायनर अर्कानाच्या, म्हणजे कप, तलवारी अशा चार रंगांत विभागलेल्या, ५६ कार्डांवरही प्रसंगचित्रे आली, हे त्याचे वैशिष्ट्य होय, कारण जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये 'पाच कप' म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे केवळ पाच कपच असत. शिवाय वेट यांनी 'स्ट्रेंग्थ'ला ८ आणि 'जस्टिस'ला ११ हा क्रमांक दिला, तर मार्सेय पद्धतीत तो नेमका उलटा आहे. क्रमांकावरून अर्थ शोधणारा इथे हटकून चुकतो. (पत्त्यांवरून आठवले: टॅरोही पंधराव्या शतकातल्या इटलीत खेळण्यासाठीच निघाले, जशी आपली सावंतवाडीची गंजिफा. त्याचा प्राचीन इजिप्तशी संबंध १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने जोडला, तोही पुराव्याविना.)

प्रश्नच सदोष असेल तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही. 'फ्लॅट बाणेरला घ्यावा की कोथरूडला?' या प्रश्नात दोन पर्याय आहेत आणि कार्ड एकच, त्यामुळे निघालेले कार्ड कोणत्या पर्यायाला लावायचे हे ठरतच नाही आणि मन आपल्या आवडीच्या बाजूला झुकते. 'बाणेरच्या घराबाबत माझ्या नजरेतून काय सुटते आहे?' असे विचारले की कार्डाला बोलायला जागा मिळते. कर्जाचा हप्ता झेपेल का, हे मात्र बँकेच्या कागदांवरून पाहावे आणि आजाराचे डॉक्टरांना विचारावे. कार्डे भविष्य सांगतात याला शास्त्रीय आधार नाही, आणि विचाराला वाट करून देण्याचे त्यांचे काम त्यामुळे कमी होत नाही. नको ते कार्ड निघाले म्हणून पुन्हा पिसून दुसरे, मग तिसरे काढणे, ही सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण तिसऱ्या वेळी वाचली जाते ती केवळ आपली इच्छा.

कार्ड उलटे, म्हणजे चित्राचे डोके खाली अशा स्थितीत, निघाले तर काय, हे पिसण्याआधीच ठरवलेले असावे. उलट्या कार्डांना वेगळा अर्थ द्यायचा नसेल तर ते सरळ करून वाचावे. द्यायचा असेल तर उचललेले कार्ड पुस्तकाच्या पानासारखे बाजूने उलटावे, कारण खालून वर उलटले की सुलट कार्ड उलटे होते आणि उलटे सुलट. समोर बसलेल्या व्यक्तीसाठी वाचताना दिशा कोणाच्या बाजूची धरायची, हेही आधी बोलून घ्यावे. राजा-राणीच्या कार्डांत मात्र लगेच घरातली माणसे शोधू नयेत. 'क्वीन ऑफ स्वोर्ड्स' निघाली म्हणजे ती सासूच, असे काही नाही, ती प्रश्नकर्त्याचीच स्पष्टवक्ती बाजूही असू शकते.

एवढे करूनही कार्डापुढे काहीच सुचत नसेल, तर पुस्तक मिटावे आणि जणू फोनवर कोणाला सांगतो आहोत अशा रीतीने चित्राचे साध्या मराठीत मोठ्याने वर्णन करावे. 'फाइव्ह ऑफ कप्स' घ्या: काळा झगा पांघरलेला माणूस मान खाली घालून उभा आहे, त्याच्या पुढ्यात तीन कप लवंडले आहेत, पाठीमागे दोन कप उभे आहेत, पलीकडे नदी आहे आणि नदीवर पूल आहे. पुष्कळ जण 'दुःख' हा एकच शब्द पाठ केल्यामुळे तीन कपांपाशीच थांबतात. वर्णन करणाऱ्याला मागचे दोन कप सांगावेच लागतात, आणि ते सांगताना तो माणूस मान का वळवत नाही हा प्रश्न ज्याचा त्यालाच पडतो.