गोव्यातली सर्वेक्षणे आणि नमुन्याचा आकडा : या चुका टाळा

‘गोवा तो केवढा! इथे दोनशे लोकांना विचारले तरी खूप झाले.’ कॉलेजच्या प्रकल्पांत हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५९ लाख, महाराष्ट्राची ११.२४ कोटी. तरीही दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकून ४००-४०० माणसे निवडलीत, तर ९५ टक्के विश्वास अंतराल (नमुन्यावरून काढलेला असा पट्टा, की शंभरदा पाहणी केली तर साधारण ९५ वेळा खरे प्रमाण त्यात सापडते) सारखेच रुंद येते : फार तर ४.९ टक्के इकडे किंवा तिकडे. या ४.९ ला मर्यादा म्हणू. तिचे सूत्र : प्रमाण (‘हो’ म्हणणाऱ्यांचा हिस्सा) गुणिले (१ वजा प्रमाण), भागिले नमुना (किती जणांना विचारले तो आकडा), त्याचे वर्गमूळ, गुणिले १.९६. या सूत्रात लोकसंख्या आहे कुठे?

ती मध्ये येते ती नमुना गावाचा मोठा हिस्सा असेल तेव्हाच. ५०० घरांच्या गावात २०० घरे विचारलीत, तर ६.९ ची मर्यादा गावाच्या आकारासाठीच्या दुरुस्तीनंतर ५.४ वर उतरते. राज्यभराच्या पाहणीत ही सूट विसरा.

दुसरी चूक वर्गमूळ विसरण्याची. १०० घरांपैकी ६० घरे ओला-सुका कचरा वेगळा करतात, तर अंतराल साधारण ५० ते ७० टक्के. ते निम्मे करायला २०० नव्हे, ४०० घरे लागतात. आणखी निम्मे हवे? मग १,६००. इतकी पायपीट खरेच हवी का, हे आधी ठरवा; बऱ्याच कामांना ४०० पुरतात.

पुरतात, पण अख्ख्या राज्यासाठी. तेच ४०० जण बारा तालुक्यांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ३३ येतात आणि मर्यादा १७ टक्क्यांवर जाते. मग काणकोणात ४५ आणि धारबांदोड्यात ५५ टक्के आले, म्हणून मथळा कसला करता? त्या दोघांतल्या फरकाचीच मर्यादा २४ च्या घरात आहे. अहवालात मात्र वर दिमाखात ‘४.९’ छापलेले असते. प्रत्येक ओळीशेजारी तिचा स्वतःचा नमुना लिहा.

३० जणांत एकही ‘हो’ नसेल तर नेहमीचे सूत्र ‘शून्य, अधिक-उणे शून्य’ सांगते. त्यावर विश्वास ठेवू नका. ३ भागिले ३० करा : खरे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकते. नमुना लहान असेल तर विल्सनची पद्धत (अंतराल काढायचे वेगळे सूत्र) वापरावी.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभे राहून २,००० जणांना विचारलेत, तर कागदावर मर्यादा २.२ येईल; पण जे बाजारात आलेच नाहीत त्यांचे काय? ती उणीव संख्येने भरत नाही. एकाच वाड्यावरची चाळीस घरे गाठणेही तसेच : शेजाऱ्यांची उत्तरे मिळतीजुळती असतात, त्यामुळे चाळीसचे बळ प्रत्यक्षात कमी भरते. वाडे जास्त घ्या, प्रत्येकातली घरे कमी, आणि घर निवडताना चिठ्ठीच टाका. समोर दार उघडे दिसले म्हणून आत शिरू नका.