गच्चीवरून तारे पाहताना डोक्यावर गडद ओढणी घ्या

शहराचं आकाश उजळलेलं असतंच, पण तारे जास्त बुजवतो तो समोरच्या खांबावरचा एखादाच दिवा.

१. तो दिवा पाण्याच्या टाकीआड जाईल अशी जागा धरा.
२. तरी उजेड येत असेल तर डोक्यावरून गडद ओढणी घ्या, दोन्ही बाजूंनी गालांपर्यंत ओढून. ध्यान विचित्र दिसतं, पण काम चोख!
३. २०-३० मिनिटं मोबाइल खिशातच. स्क्रीन एकदा उजळली की डोळे अंधाराला सरावायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.
४. अंधुक ताऱ्याकडे थेट न बघता जरा बाजूला बघा. कृत्तिकांचा पुंजका अशा तिरक्या नजरेला लगेच उजळ वाटतो.

वर बघत मागे मात्र सरकू नका, कठडा बुटका असतो.