८०८५ शिकलात? मग असेंब्लीसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर असा निवडा

ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेत, प्रोग्राम लिहिता येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर हेक्स (सोळाच्या पटीतले आकडे) टाकत बसलेल्यांचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या कॅल्क्युलेटरांत झेड८० प्रोसेसर आहे. तो ८०८०च्या घराण्यातला, त्यामुळे बहुतेक ऑपकोड (आज्ञांचे आकडे) तेच. किटवर ‘एमव्हीआय ए’साठी टाकायचा तो ३ई इथेही ३ईच, फक्त त्याचं नाव ‘एलडी ए’ होतं. फसगत होते ती दोन ठिकाणी. २० आणि ३० हे ८०८५वर ‘रिम’ आणि ‘सिम’, पण झेड८०वर ते जंप आहेत. जुन्या वहीतला कोड जसाच्या तसा उतरवलात, तर प्रोग्राम भलतीकडे उडी मारेल. दुसरी गोष्ट पॅरिटी फ्लॅगची: बेरीज-वजाबाकीनंतर झेड८०वर तो ओव्हरफ्लो दाखवतो.

म्हणून पहिलं यंत्र झेड८०चंच घ्या. टीआय-८९ टायटॅनियममध्ये ६८००० आहे, प्रोसेसर देखणा, पण सगळं नव्याने शिकावं लागतं. एचपी ५०जी आतल्या एआरएमवर जुन्या सॅटर्न प्रोसेसरची नक्कल चालवतो. कॅसिओच्या एफएक्स-सीजी५०वर लोक मुख्यतः सी भाषेतच लिहितात.

नागपुरात बर्डीच्या दुकानात ‘ग्राफिंग’ म्हणून मागितलंत, तर बहुधा एफएक्स-९९१ पुढे येईल. तो सायंटिफिक आहे, या कामाचा नाही. खात्रीचा रस्ता म्हणजे वापरलेला मागवणं, किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाला सांगणं. सांगताना पूर्ण नाव लिहून द्या, कारण ‘टीआय-८४’ एवढंच सांगितलं तर तीन-चार वेगळी यंत्रं निघतात.

त्यातला साधा टीआय-८४ प्लस (२००४) आमच्या मते सर्वात बरा. १५ मेगाहर्ट्झ, वापरायला २४ केबी रॅम, ४८० केबी फ्लॅश, ९६ बाय ६४ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा आणि मुख्य म्हणजे मिनी-यूएसबी. त्याआधीचा ८३ प्लस ६ मेगाहर्ट्झचा, फ्लॅश १६० केबी, आणि संगणकाला जोडायला २.५ मिमी पोर्टची खास केबल लागते. यंत्र स्वस्त मिळालं तरी केबलचा खर्च आधी हिशेबात धरा. सिल्व्हर एडिशनमध्ये फ्लॅश जास्त, बाकी ८४ प्लससारखाच. रंगीत ‘सी सिल्व्हर’ (२०१३) टाळा: पडदा ३२० बाय २४० चा झाला, प्रोसेसर मात्र तोच १५ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे चित्र हलवताना दम लागतो.

‘८४ प्लस सीई’ (२०१५) वेगवान आहे: ईझेड८० (झेड८०चीच सुधारित आवृत्ती), ४८ मेगाहर्ट्झ, १५४ केबी रॅम. गोम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. २०२०मध्ये कंपनीने ५.५.१पासून असेंब्ली बंद केली, आणि नवी आवृत्ती चढली की जुनीवर सहसा परतता येत नाही. हे बंधन तोडणारे प्रोग्राम, म्हणजे जेलब्रेक, निघाले आहेत, पण विक्रेत्याच्या यंत्रातली आवृत्ती कोणती आणि तिच्यावर जेलब्रेक चालतो का, हे पैसे देण्याआधीच बघा. घेतल्यावर अपडेटला हात लावू नका.

विक्रेत्याकडून तीन गोष्टींचा व्हिडिओ मागवा. ‘सेकंड’ बटण, मग अधिकच्या बटणावरचा मेमरी मेनू, त्यात ‘अबाउट’: मॉडेल आणि आवृत्ती दिसते. बॅटरीचं झाकण उघडून स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर आहे का ते बघा. सेल आत ठेवून वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रांत तो हमखास असतो. तिसरं, संपूर्ण पडदा काळा करून एखादी उभी ओळ गायब आहे का ते बघा. असेल तर पडद्याची रिबन सैल झालेली असते.

८३ प्लस किंवा साधा ८४ प्लस हाती आला की ही चाचणी करा. नवा प्रोग्राम उघडून कॅटलॉगमधून (सेकंड, मग शून्य) ‘एएसएम-प्रोग्राम’ घ्या आणि पुढच्या ओळीत सलग टाका: २१ २५ ०० ईएफ ०७ ४५ ईएफ २ई ४५ सी९. रोमन अक्षरं अल्फा बटणाने, मध्ये जागा न ठेवता. मग कॅटलॉगमधलाच ‘एएसएम(’ वापरून तो चालवा. पडद्यावर ३७ आला पाहिजे, म्हणजे हेक्समधले २५. ईएफ हा आपला ओळखीचा ‘आरएसटी ५’. इथे तो सिस्टिमचं काम बोलावतो, आणि त्यामागचे दोन बाइट पत्ता उलटा लिहून देतात. शेवटचा सी९, म्हणजे ‘रेट’, विसरलात, तर प्रोसेसर पुढच्या कचऱ्यात शिरतो आणि ‘रॅम क्लिअर्ड’ येतं.

हा संदेश पुढेही बऱ्याचदा भेटेल. यंत्र बिघडत नाही, पण रॅममधलं सगळं जातं, म्हणून प्रत्येक चाचणीआधी प्रोग्राम आर्काइव्हमध्ये (फ्लॅशमध्ये) टाका. त्याहून सोपं म्हणजे आधी वॅबिटएमूसारख्या एम्युलेटरवर (संगणकावर यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवून बघणं; त्याला लागणारी रॉम, म्हणजे सिस्टिमची प्रत, आपल्याच यंत्रातून काढायची. झेड८०चं आयवाय रजिस्टर सिस्टिमच्या फ्लॅगांकडे रोखलेलं असतं. ते बदललंत, तर सिस्टिमला बोलावण्याआधी पूर्ववत करा.

एम्युलेटरवर नीट, पण हातातल्या यंत्रावर पडदा विस्कटलेला, असं झालं तर दोष बहुतेक वेळा घाईचा असतो. पडद्याच्या कंट्रोलरला दोन बाइटांमध्ये श्वास घ्यायला वेळ लागतो; ६ मेगाहर्ट्झवर साधारण ६० सायकल. १५वर तेवढ्याच सायकल मोजल्यात तर वेळ कमी पडतो. तसंच ८३ प्लस-८४ प्लसवर सी००० या पत्त्यापुढचा कोड चालत नाही, म्हणजे चालणारा भाग सुमारे ८,८०० बाइट. मोठे तक्ते आणि चित्रं शेवटी ठेवा, कोड आधी.

केबल कनेक्ट होत नसेल तर ती फक्त चार्जिंगची नाही ना, हे आधी बघा. आणि मे महिन्यात पडदा काळवंडला तर घाबरू नका: उष्णतेने तो गडद होतो, सेकंड दाबून खालच्या बाणाने कॉन्ट्रास्ट उतरवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका.