स्पार्क प्लगला अँटी-सीझ लावायचं की नाही?

पुढच्या वेळी प्लग सहज सुटावा म्हणून आट्यांना चंदेरी अँटी-सीझ पेस्ट फासायची सवय अनेकांना असते. ती अगदीच निराधार नाही. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, प्लगची बॉडी पोलादी, त्यामुळे उष्णता आणि ओलाव्याने दोन्ही एकमेकांना धरून बसतात. पण आजच्या बहुतेक प्लगांच्या आट्यांवर कारखान्यातूनच मुलामा येतो, आणि प्लग बनवणारी एनजीके कंपनी तर अशा प्लगला पेस्ट लावू नका, असं स्पष्ट सांगते.

म्हणून नवा प्लग हातात घेऊन आधी आटे बघा. चकचकीत असतील तर कोरडाच बसवा. काळपट, मुलामा नसलेले असतील तरच पेस्टचा विचार करा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगवरची कॅप काढताना वायर ओढू नका, कॅपच धरा. प्लगभोवतीची धूळ पंपाने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग अडला तर झटका देऊ नका. गंज सोडवणारं तेल सोडून थोडं थांबा, मग मागे-पुढे करत सोडवा.

पेस्ट लावायचीच असेल तर मोहरीएवढी पुरे. टोकाकडचे दोन आटे कोरडे ठेवा. पेस्टमध्ये धातूचे कण असतात. ते इलेक्ट्रोडवर, म्हणजे ठिणगी पडते त्या टोकावर, गेले तर ठिणगी भरकटते आणि इंजिन मिसफायर होतं, म्हणजे इंधन नीट पेटत नाही.

आता प्लग हातानेच फिरवत शेवटपर्यंत बसवा. पाना त्यानंतरच लावायचा, म्हणजे आटे तिरके धरत नाहीत. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या 14 मिमी (आट्यांचा व्यास) प्लगला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, दुचाकींत सर्रास असणाऱ्या 10 मिमी प्लगला फक्त 10 ते 12. एनजीकेच्या नंबरात पहिलं अक्षर बी असेल तर 14 मिमी, सी असेल तर 10.

खरी गफलत इथेच होते. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. पेस्टमुळे घर्षण घटतं, हा जोर मोजणारा टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. बॉडी ताणली जाते, कधी हेडचे आटेच जातात, आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याचा खर्च येतो. म्हणून पेस्ट लावली असेल तर टॉर्क 20 ते 30 टक्क्यांनी कमी ठेवा.

टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा, कोरडा 14 मिमी प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्या. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरतो.