मानवी भूगोल पाठ करू नका, लोकलच्या खिडकीतून करा (एफवायवाल्यांसाठी)

एफवायबीएला ह्युमन जॉग्रफीच्या पहिल्या टेस्टला मला २० पैकी ६ मार्क पडले होते, आणि मी सगळं घोटून गेलेले हं. साइट आणि सिच्युएशन यातला फरक विचारला होता, मला दोन्ही व्याख्या शब्दन् शब्द येत होत्या, फक्त पेपरात एकमेकींच्या जागी जाऊन बसल्या. आता भाची एफवायला गेलीय, परवा तिचा मेसेज आला, "मावशी हे सगळं सारखंच वाटतं गं." तिला जे व्हॉइस नोटवर सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय.

पहिली गोष्ट, या विषयात गोंधळ नेहमी जोडीने येतो. साइट-सिच्युएशन, मोठं प्रमाण-लहान प्रमाण, घनता-वितरण, पुश-पुल (गाव सोडायला ढकलणारी आणि शहराकडे ओढणारी कारणं). त्यामुळे व्याख्या सुट्या पाठ करायच्याच नाहीत, वहीत एका पानावर एक जोडी घ्यायची, मधे उभी रेघ मारायची, आणि खाली स्वतःच्या भाषेत एक वाक्य लिहायचं की ओळखायचं कसं. त्याच्याखाली तुम्ही रोज बघता ती एक जागा. बस, एवढीच वही.

माझं साइट-सिच्युएशनचं पान सांगते. मुंबईची साइट म्हणजे जागेवरच जे आहे ते, सात बेटं, खाजणं, दलदल, पूर्वेला आडोशाचं खोल नैसर्गिक बंदर. सिच्युएशन म्हणजे बाकी जगाच्या हिशोबात ती कुठे बसते. आता बघा, १८६३ ला भोर घाटातून रेल्वे चढली आणि देशावरचा कापूस थेट बंदरात यायला लागला, त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते ६५) चालू होतं म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि १८६९ ला सुएझ कालवा उघडला, मग युरोप हजारो किलोमीटरनी जवळ आला. बंदर तेच, पाणी तेच, पण शहराचं नशीब पालटलं. मी आधी वहीत लिहिलेलं की साइट बदलत नाही, तर तेही चूक, समुद्रात भराव घालून बेटं जोडलीच की. मग ओळखायचं कसं? ही गोष्ट सांगायला दुसऱ्या गावाचं नाव घ्यावं लागतंय का ते बघा. घ्यावं लागलं तर सिच्युएशन, नाही लागलं तर साइट. तेव्हापासून एकदाही चुकले नाहीये.

नकाशाच्या प्रमाणाचं पण तसंच. १:५०,००० ची टोपोशीट (एखाद्या भागाचा तपशीलवार नकाशा) म्हणजे नकाशावर १ सेंमी बरोबर जमिनीवर अर्धा किलोमीटर, आणि भिंतीवरचा भारताचा नकाशा असतो एकास काही लाख वगैरे. मोठा आकडा दिसला की पोरं बिनधास्त "मोठ्या प्रमाणाचा नकाशा" लिहून मोकळी होतात. अहो तो अपूर्णांक आहे, अर्धी भाकरी मोठी की चतकोर? टोपोशीट मोठ्या प्रमाणाची, ती थोडा भाग दाखवते पण तपशिलात.

प्रदेशाचे तीन प्रकार तर मुंबईकराला फुकटात येतात. "टाउनला चाललोय" म्हणतो ना आपण, ते टाउन नक्की कुठे सुरू होतं? माझ्या डोंबिवलीच्या काकूसाठी दादरपासून, गिरगावातल्या मैत्रिणीसाठी दादर म्हणजे जवळपास परगाव. हा झाला लोकांच्या डोक्यातला प्रदेश. याउलट मुंबई शहर जिल्ह्याची हद्द ठरलेली आहे, माहीम-सायनला संपते, आणि ती तुम्हाला रस्त्यावर जाणवते पण, कारण तिथून पुढे दक्षिणेला रिक्षा नाही, मुकाट्याने टॅक्सी किंवा बस. हा फॉर्मल. आणि कसारा, कर्जत, डहाणूपासून रोज सकाळी माणसं ओढून आणणारं लोकलचं जाळं हा फंक्शनल, मधे एक केंद्र आणि त्याच्या दिशेने वाहणारे लोक.

घनतेत आकडा लिहून थांबू नका. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार होती, पण त्याच जिल्ह्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा मोठा भाग येतो, तिथे बिबटे राहतात. म्हणजे २१ हजार ही सरासरी, माणसं कुठे कोंबलीत आणि कुठे नाहीत ते वितरण सांगतं. इजिप्त हे याचं पुस्तकी उदाहरण, देशाची घनता बघून काही कळत नाही कारण जवळपास सगळे लोक नाईलच्या काठाला. तिथे शेतजमिनीवरची घनता काढली की खरं चित्र दिसतं.

डिफ्युजनवर, म्हणजे एखादी गोष्ट एका जागेवरून दुसरीकडे कशी पसरते यावर, फार वेळ घालवू नका, चार प्रकार आहेत, चारही खाण्यात सापडतात. इराणी लोक इथे आले आणि सोबत त्यांची हॉटेलं आली, हे माणसांबरोबर जागा बदलणं. वडापाव गाडीवरून गाडीवर पसरला ते संसर्गासारखं. मोठ्या शहरात आधी आणि तालुक्याला नंतर पोचणारी फॅशन म्हणजे पायरीपायरीने उतरणं. आणि बर्गर आला पण बीफ काढून आत आलू टिक्की घालून आला, म्हणजे कल्पना घेतली, वस्तू बदलली. झालं.

आता स्थलांतर. इथे मात्र जरा बैठक मारा कारण हमखास मोठा प्रश्न येतो आणि मुंबईच्या प्रत्येक घरात त्याचं उत्तर बसलेलं असतं. मी आजोबांना धरून बसवलं होतं, वही घेऊन. पहिला प्रश्न, गाव का सोडलं? म्हणाले, "जमीन होती गं, पण पाच भावांत वाटली तर एकेकाला भाताची चार खाचरं, तीन महिने पुरतील एवढं." लिहिलं, पुश. मुंबईच का? गिरणीत बदली कामगार म्हणून लागलं तरी रोख पैसा हातात यायचा. पुल. आलात कसे? रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर, पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे येणं बंद. १९६६ ला एव्हरेट ली यांनी स्थलांतराबद्दल मांडलेले मधले अडथळे ते हेच, आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली थेट १९९८ ला. राहिलात कुठे? लालबागला गावकीच्या खोलीत, एका खोलीत वीसेक जण, पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि एक लागला की गावाकडचा दुसरा बोलवायचा. चेन मायग्रेशन! आजोबांना यातला एक शब्द माहीत नव्हता आणि पंधरा मार्कांचं उत्तर सांगून मोकळे झाले.

मग आकडे जोडायचे. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ च. हे दोन आकडे शेजारी लिहिले की कोण गाव सोडून गेलं आणि कोण मागे राहिलं ते परीक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. पण स्थलांतराचे नियम मांडणारा रॅव्हेनस्टाइन (१८८५) म्हणतो की जवळच्या अंतरावर बायका जास्त स्थलांतर करतात, ते पण खोटं नाही, आपल्याकडे बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "मी कुठे स्थलांतर केलं, मी नांदायला आले." हे वाक्य मी पेपरात लिहिलेलं, मार्क मिळाले की नाही देव जाणे.

शहरांची मॉडेलं खिडकीतून करा, गर्दीची वेळ सोडून. सीएसएमटीहून कल्याण लोकल पकडायची आणि जे दिसेल ते टिपायचं. फोर्टच्या कचेऱ्या, मस्जिदला घाऊक बाजार आणि हातगाड्या, करी रोडला चाळी आणि गिरणीच्या चिमणीशेजारी काचेचा टॉवर, भांडुप-कांजूरला कारखान्यांच्या जागी कॉम्प्लेक्स, मग ठाणे आणि त्याच्यापुढे खाडी. बर्जेस (१९२५) म्हणतो शहर मध्यापासून बाहेर गोल गोल पट्ट्यांनी वाढतं, ती वर्तुळं इथे अर्धवटच बसतात, एका बाजूला समुद्र आहे म्हणून. पण त्याच्या शिकागोला तरी एका अंगाला मिशिगन सरोवरच आहे, हे पोरं विसरतात. होइट (१९३९) म्हणतो शहर वाहतुकीच्या मार्गाने पाचरीसारखं वाढतं, आपल्या वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर लाइनी बघा. हॅरिस आणि उलमन (१९४५) म्हणतात केंद्रं अनेक असतात, तर बीकेसी, अंधेरीचं सीप्झ, नवी मुंबई. आणि खरे मार्क टीकेला असतात. बर्जेसकडे पैसेवाले शहराबाहेर जातात, आपल्याकडे मलबार हिल फोर्टच्या कुशीत आणि रोज दोन तास लटकत येणारा बदलापूरचा. शिवाय २००१ ते २०११ मधे शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, ती का ते तुम्हीच आता लिहू शकाल.

ख्रिस्टालरचा (१९३३) केंद्रस्थान सिद्धांत, म्हणजे कुठली वस्तू घ्यायला माणूस किती लांब जातो ते, दोन ओळीत: दूध गेटवर, लग्नाचा शालू दादरला, कॅन्सरच्या उपचाराला अख्ख्या देशातून परळला टाटाला. वस्तू जितकी क्वचित लागणारी तितका माणूस लांब जातो आणि ती देणारी ठिकाणं तितकी कमी.

उजळणी करताना वही बंद ठेवायची. मी आणि माझी मैत्रीण कुर्ला ते ठाणे एकमेकींना एक जोडी समजावून सांगायचो, बाजूच्या काकूंना कळलं तर पास. आणि एक धोका, सगळं मुंबईवर बेतलं की तुम्हाला वाटतं समजलंय. म्हणून प्रत्येक जोडी एकदा लांबच्या ठिकाणी लावून बघा, नागपूर घ्या, कैरो घ्या. नागपूरची सिच्युएशन जमली पण साइटला हात अडखळला, तर ते पान परत.

दुसऱ्या टेस्टला मला १४ पडले. दोन मार्क नुसते नकाशात उत्तरेचा बाण काढला नाही म्हणून गेले. बाण काढा.